अण्णा व्ही-एट यांचं मत

वालावलच्या अक्षयाला गाड्यांचं वेड कुठून लागलं, ते तिच्या घरात कुणालाच सांगता आलं नसतं. वडिलांचा काजू फोडायचा छोटा कारखाना, दारात एक टेम्पो आणि एक स्कूटर. आई तर कुठल्याही गाडीत बसली की आधी पिशवी उघडून मांडीवर ठेवणारी. पण ही मुलगी दापोलीला शेतकीची पदवी घ्यायला गेली आणि परत येताना अमेरिकन मसल कारचं सगळं गणगोत पाठ करून आली. लांबलचक बॉनेट, आखूड शेपूट, दोनच दारं आणि आत आठ सिलिंडरांचं धुडुधुडु करणारं व्ही-एट इंजिन. कारखान्यात काजूच्या भट्टीपाशी बसून ती या गाड्यांचे व्हिडिओ बघायची आणि स्वतःशी भांडायची.

भांडायला माणसं मिळावीत म्हणून ती 'सिंधुदुर्ग मसल मंडळी' या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. ग्रुपचा ॲडमिन गुरुप्रसाद, कुडाळात औषधांचं दुकान चालवणारा, अतिशय नीटनेटका माणूस. मंडळींत बरेच जण होते, आणि त्या सगळ्यांच्या मिळून मसल कार एकही नव्हती. गुरुप्रसादकडे पांढरी हॅचबॅक होती, कसालच्या सिद्धेशकडे बोलेरो. त्यामुळे मतं मात्र कडक होती. मंडळींच्या सगळ्यात लाडक्या गाडीच्या नवीन मॉडेलचे फोटो आले त्या आठवड्यात तर कुणाचं कामात लक्ष नव्हतं. बॉनेटवरची हवेची भोकं खरी की नुसती शोभेची, काट्यांची घड्याळं काढून लांबच्या लांब स्क्रीन बसवली हे पाप की प्रगती, यावर माणसं जेवणं टाकून बोलत होती.

अक्षयानेही आपलं मत लिहिलं. "मागचे तीन उभे दिवे हीच या गाडीची ओळख होती. ते मध्ये दुमडून यांनी पाठीची वाट लावली."

गुरुप्रसादचं उत्तर आलं, शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र. "ताई, रंग कसो वाटलो ता सांगा."

अक्षयाने फोन काजूच्या पोत्यावर उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशी कुडाळला टेम्पो घेऊन गेली तेव्हा एक नवीन सिमकार्ड घेऊन आली, आणि संध्याकाळी कपाटातल्या जुन्या फोनमधून अण्णा व्ही-एट जन्माला आले.

अण्णांच्या फोटोत जहाज होतं. अण्णा उभी हयात बोटीवर काढून आता आरोंद्याला विसावले होते, गाड्यांचं माहेरघर असलेल्या डेट्रॉइटच्या रस्त्यांवर त्यांनी म्हणे सगळ्या गाड्या हाताळल्या होत्या. त्यांनी ग्रुपवर आल्या आल्या लिहिलं, "मागचे तीन उभे दिवे हीच या गाडीची ओळख होती. ते मध्ये दुमडून यांनी पाठीची वाट लावली." तेच वाक्य, काना-मात्रेचा फरक नाही.

गुरुप्रसाद विरघळला. "अण्णांनू, काय ती नजर. आमका इतके दिवस दिसला नाय."

मग अक्षयाला चटकच लागली. अण्णा म्हणाले की शोभेची भोकं म्हणजे खोटे खिसे, की मंडळी दोन दिवस खोटे खिसे हाच शब्द वापरायची. अण्णांनी स्क्रीनला 'गाडीच्या कपाळाला लावलेला टीव्ही' म्हटलं, ते वाक्य सिद्धेशने स्टेटसला ठेवलं. एकदा गंमत म्हणून तिने स्वतःच्या नावाने अण्णांना विरोध केला. कुणीतरी आपली बाजू घेईल असं तिला आतून वाटत होतं. घेतली नाही कुणी. उलट गुरुप्रसादने तिला थोरामोठ्यांशी बोलायची रीत समजावून सांगितली. त्या रात्री अण्णांनी उदार मनाने लिहिलं, "असू दे, लहान आसा ती," आणि अक्षया उशीत तोंड खुपसून हसली. पण ते हसू पूर्ण नव्हतं.

दिवाळीनंतर ग्रुपवर बातमी पडली. वालावलचाच पण मुंबईत धंदा करणारा जितेंद्र, त्याने ती नवीन गाडी घेतली होती, आणि तो ती घेऊन लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला येणार होता. रविवारी सकाळी देवळाबाहेरच्या मोकळ्या जागेत ज्याला बघायची त्याने यावं.

मंडळी वेडी झाली. आणि गुरुप्रसादने लगेच जाहीर केलं, की गाडीवर पहिलं मत अण्णा देतील, शाल-श्रीफळ तो स्वतः आणेल.

अण्णांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुरुप्रसाद म्हणाला, उचलून आणू. अण्णांनी नात्यातलं लग्न काढलं. जितेंद्र म्हणाला, गाडी घेऊन मीच आरोंद्याला येतो न्यायला. आणि मग सिद्धेशने, जो फारसं कधी काही लिहीत नसे, एवढंच लिहिलं, "अण्णा खरे आसत मां?"

अक्षयाने स्कूटर काढली आणि थेट आरोंदा गाठलं.

आरोंद्याला तिचा सख्खा मामा, भिकाजी. जन्मभर बोटीवर खानसामा होता. दर्यावर्दी म्हणून माणूस अस्सल, फक्त स्वयंपाकघराच्या बाहेरचं जग त्याने गोल खिडकीतून बघितलेलं. गाडी तर राहोच, त्याला सायकलही येत नव्हती. तो खाडीकडच्या पडवीत बसून खुबे-शिंपल्या साफ करत होता. अक्षयाने सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकलं, हात धुतले.

"म्हणजे मी इतके म्हयने मोठो माणूस आसंय, आणि माका कोणी सांगूक नाय?"

"मामानू, एक सकाळ फक्त. तीन वाक्यां बोलाची आणि गुडघो दुखता म्हणान उठाचा."

"शाल देतले म्हणतस?"

"देतले."

"मगे शिकव."

दुपारभर तिने त्याला शिकवलं. भोकं वाईट, टीव्ही वाईट, मागचे दिवे सगळ्यात वाईट. मामाने तिन्ही वाक्यं पाठ केली, वर एकदा आरशासमोर उभं राहून म्हणून दाखवली. शिकवणाऱ्याचं समाधान घेऊन ती घरी आली.

रविवारी मामा पांढरा शर्ट आणि टोपी घालून, काळा चष्मा लावून कुडाळहून रिक्षाने उतरला. अक्षया गर्दीत अनोळखी चेहऱ्याने उभी होती. गुरुप्रसाद धावत जाऊन पाया पडला. सिद्धेशने मामाला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि तोही वाकला.

पण अक्षयाचं लक्ष तिकडे नव्हतं. गाडी समोर उभी होती. देवळाच्या तळ्याच्या बाजूला, झाडाखाली, गडद निळी. फोटोत कधी कळलं नव्हतं की ती इतकी रुंद असेल. बॉनेट तर पुढे जातच होतं, जातच होतं. डोळे बारीक करून कुणावर तरी रोखून बघावं तसे पुढचे दिवे. अक्षयाने इतके महिने हिच्याविषयी इतकं वाईट लिहिलं होतं, की जवळ जाऊन हात लावायची लाजही वाटत होती आणि धीरही होईना.

जितेंद्र हसतमुख, पोट सुटलेला माणूस. त्याने खिशातली चावी बाहेर काढली, तिच्यावरचं बटण दाबलं, आणि आत कुणी नसताना गाडीने आपणहून गुरगुरून डरकाळी फोडली. देवळापाशी बसलेली दोन कुत्री तळ्याच्या पलीकडे गेली. मामा एक पाऊल मागे सरला, मग त्याला आठवलं की आपण डेट्रॉइटचे.

"हां," तो म्हणाला. "घसो बरो आसा."

मंडळींनी माना डोलावल्या. कुणीतरी ते लिहूनही टाकलं ग्रुपवर.

मामाने गाडीला एक प्रदक्षिणा घातली. भोकांपाशी थांबला, शिकवल्याप्रमाणे बोट ठेवलं, तोंड उघडलं, आणि तिथेच त्याचं बिनसलं. त्याने भोकात बोट घालून बघितलं.

"ही खोटी आसत," तो म्हणाला.

"खोटे खिसे," गुरुप्रसादने आठवण करून दिली. "तुमीच म्हटलास."

"म्हटलंय खरा. पण आता बघतंय तर काय वायट दिसणत नाय. माजे पुढचे चार दात खोटे आसत. जेवक येता, हसाक येता. कोणी तक्रार केल्यान नाय."

मंडळी हसली. अक्षया हसली नाही. तिने गर्दीतून मामाकडे डोळे वटारले. मामा काळ्या चष्म्यातून भलतीकडेच बघत होता.

जितेंद्रने दार उघडून त्याला आत बसवलं. बसवलं म्हणजे, मामा आत पडला; ती सीट इतकी खाली होती की बाहेरून फक्त त्याची टोपी दिसत होती. स्क्रीन लागली. जितेंद्रने एका ठिकाणी बोट टेकवलं आणि त्या लांबलचक पडद्यावर जुन्या गाडीची गोल घड्याळं उमटली, हिरव्या उजेडाची, काटे हलणारी. मामाने आपणहून बोट लावलं. घड्याळं गेली. पुन्हा लावलं. आली. असं बराच वेळ चाललं.

"ह्यो टीव्ही घराक व्हयो माका," आतून आवाज आला.

गुरुप्रसाद दाराशी वाकला. "पण अण्णांनू, कपाळाक लावलेलो टीव्ही असा तुमी…"

"तेवा मी बघूक नव्हतंय. आता बघलंय. माणसान बघल्यार मत बदलूचा नाय तर बघूचा कित्या?"

गुरुप्रसाद सरळ उभा राहिला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "बघा. हेका म्हणतत मोठेपण." आणि अक्षयाच्या डोळ्यांदेखत सगळी मंडळी स्क्रीनच्या बाजूची झाली. ज्या माणसाने टीव्हीचं वाक्य स्टेटसला ठेवलं होतं त्या सिद्धेशने तिथल्या तिथे ते काढून टाकलं.

अक्षयाने ओठ आवळून धरले. असू दे, भोकं गेली, टीव्ही गेला. दिवे उरलेत.

मामाला दोघांनी हात धरून बाहेर काढलं. तो मागच्या बाजूला गेला. जितेंद्रने दिवे लावून दाखवले. तीन उभ्या पट्ट्या, मध्ये दुमडलेल्या, एकामागून एक लाल होत गेल्या. मामा कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"आणि ह्ये?" गुरुप्रसादने विचारलं.

"ह्ये तर झकास आसत. पयल्या गाडयेचे काय ते सरळ, खिडकेच्या गजासारखे. हेंका जरा कंबर आसा."

"कंबर," मंडळींत कुणीतरी पुटपुटलं. शब्द आवडला होता.

"कंबर कसली आणि काय कसला," अक्षया म्हणाली.

सगळे वळले. तीही आपल्या आवाजाने जरा दचकली, पण आता थांबणं शक्य नव्हतं. "ती पाठ सपाट होती म्हणान ते दिवे शोभायचे. लांबसून काळोखात बघल्यार तीन आणि तीन, दुसरी कुठली गाडी असूच शकत नव्हती. आता पाठ आत घेतल्यानी आणि दिवे मोडून बसवल्यानी. हेका कंबर म्हणत नाय, लचक म्हणतत."

"ताई," गुरुप्रसाद समजुतीच्या सुरात म्हणाला, "अण्णा बोलतत मां? तेंनी डेट्रॉइट बघलेला आसा. अण्णांचा मत…"

"अण्णांचा मत माका सांगा नको. असा मी कधी लिवलंयच नाय."

तळ्यात एक मासा उसळून पडला, तो आवाज सगळ्यांना नीट ऐकू आला.

गुरुप्रसादने तिच्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं. सिद्धेशच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडायला लागलं होतं. मामाला भाचीची दया आली असावी, कारण त्याने घाईघाईने बाजू सावरली.

"तसा न्हय. माका टायप करूक येणा नाय. मी सांगतंय आणि ह्या चेडू लिवता. माजी भाची ती. मतां माजी, बोटां तिची."

आणि खरं सांगायचं तर ते खपलं. मंडळींच्या खांद्यांवरचा भार उतरलेला दिसला. गुरुप्रसाद तर कौतुकाने म्हणाला, "असा काय. म्हणजे ताईंक लिवता लिवता थोडा कळाक लागला." वाट मोकळी होती. अक्षयाने मान हलवली असती तर शाल-श्रीफळ होऊन सगळे चहा प्यायला गेले असते, आणि अण्णा सुखाने नांदले असते.

पण आपणच घडवलेल्या माणसाची आपण टायपिस्ट, हे मात्र तिला झेपेना. तिने पिशवीतून दुसरा फोन काढला. सगळ्यांच्या समोर, घाई न करता, टाइप केलं आणि पाठवलं. देवळापुढच्या त्या सगळ्या खिशांमधून एकाच वेळी टिंग टिंग झालं. मामा सोडून. मामाचा बटणांचा फोन आरोंद्याला खुंटीवर होता.

माणसांनी फोन काढून वाचलं. अण्णा व्ही-एट: "मागचे दिवे फुकट गेले. कालही म्हणत होते, आजही म्हणते. अक्षया."

सिद्धेश हसत हसत बोलेरोच्या पायरीवर बसला. बाकीचे हसावं की नाही म्हणून ॲडमिनकडे बघत होते. गुरुप्रसादचे कान लाल झाले होते.

"म्हणजे डेट्रॉइट?"

"दापोली," अक्षया म्हणाली.

"आणि गुडघो? मी यष्टीन तेल धाडलंय तेंका."

"स्टँडावर जावन मीच घेतलंय. आयेन लावल्यान. बरा वाटला तिका."

गुरुप्रसादने चष्मा काढून रुमालाने पुसला, बराच वेळ. "रोज सकाळी दुकान उघडलंय की पयलो अण्णांचो मेसेज बघी मी," तो म्हणाला. "बायलेक पण वाचून दाखवी."

अक्षयाला एवढं अपेक्षित नव्हतं. तो चिडेल, ग्रुपमधून काढेल, असं तिने धरलं होतं. त्याला तिच्याकडे उत्तरं तयार होती. "ता सगळा मीच लिवलंय, गुरुप्रसादानू," ती हळू आवाजात म्हणाली. "तेतलो माणूस तेवडो खोटो. बाकी सगळा मनापासून."

गुरुप्रसादने शाल मामाच्या खांद्यावर टाकली, कारण घेऊन आलो ती कुणाच्या तरी अंगावर पडायलाच हवी असं त्याला वाटलं असावं, आणि नारळ अक्षयाच्या हातात दिला. "आणि ह्या तोंडाबद्दल काय म्हणणा तुमचा, ताई? पुढच्या दिव्यांबद्दल?" तो विचारताना तिच्याकडे बघत नव्हता, पण विचारलं त्याने.

"तोंड बरा आसा," ती म्हणाली. "फोटोत वायट दिसता. मी चुकलंय."

"मला कुणी विचारलंच नाही," जितेंद्र मध्येच म्हणाला. सगळ्यांना गाडीच्या मालकाची आठवण झाली. "मला ती कशी वाटते ते."

"कशी वाटते?" सिद्धेशने विचारलं.

"कंबर दुखते. मुंबईपासून इथपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरला मी देवाचं नाव घेतलंय." त्याने चावी अक्षयासमोर धरली. "टेम्पो चालवतेस ना? घे. नेरूरपर्यंत जाऊन ये. बघून मत बदलतं का बघ."

मामा कुणी बोलावण्याआधीच मागच्या सीटवर शिरला. मागची सीट माणसांसाठी नव्हती, ती नुसती आहे म्हणायला होती. शालीसकट तो तिथे कोलंबीसारखा वळून बसला आणि छान आहे म्हणाला. जितेंद्र शेजारी बसला. क्लच नव्हताच, आणि ब्रेक टेम्पोपेक्षा हळवा निघाला. गाडी दोनदा आचका देऊन जागीच थांबली आणि मंडळींपैकी कुणीही काही बोललं नाही, हे अक्षयाच्या लक्षात आलं. तिसऱ्यांदा निघाली.

देवळाकडून निघणारा तो रस्ता अक्षयाने हजारदा तुडवलेला. पण या खिडकीतून तो तिला ओळखू येईना. दोन्हीकडचे दगडी गडगे खांद्याच्या उंचीला आले होते, समोर निळ्या बॉनेटच्या दोन उंचवट्यांमधून डांबर आत ओढलं जात होतं, आणि पायाखालचा आवाज छातीत वाजत होता. मोबाईलवर ऐकलेल्या आवाजाशी त्याचं काही नातं नव्हतं. लांब बॉनेटची बाजू तिने किती वेळा घेतली होती. आता कळलं की त्याच्या टोकाला काय आहे ते चालवणाऱ्याला अजिबात दिसत नाही. हे ग्रुपवर सांगावं लागणार होतं. तिला हसायला आलं, आणि या वेळी ते अर्धं राहिलं नाही.

नेरूरच्या अलीकडे वळणावर समोरून एसटी आली. रस्ता एसटीचाच होता, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. अक्षयाने गाडी थांबवली, रिव्हर्स टाकला. मागच्या काचेत निम्मा मामा आणि निम्मी शाल दिसत होती. स्क्रीनवर मागचा रस्ता उमटला, त्याच्यावर पिवळ्या रेघा. कपाळाला लावलेला टीव्ही. तिने निमूटपणे त्याच्याकडे बघत गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

"येवंदे, येवंदे," मामा मागून ओरडत होता, जरी त्याला काहीच दिसत नव्हतं.

एसटीच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. कुणी म्हणत होतं खूप बुटकी आहे, कुणी म्हणत होतं निळ्यापेक्षा लाल हवी होती, एक म्हातारी विचारत होती की हिला मागची दारं का नाहीत आणि मुलं चढतात कुठून. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, स्टिअरिंगवर कोपर टेकून खाली वाकून गाडीचं तोंड नीट निरखलं.

"रागावलेली कित्या दिसता ही?" त्याने विचारलं.

"तोंडच तसा तिचा," अक्षया काच खाली करून म्हणाली. "मन बरा आसा."

"मगे बरी आसा," ड्रायव्हर म्हणाला. "आता जरा डावीकडे दाब, माका टायम झालो."